स्प्लिट एसीला स्मार्ट थर्मोस्टॅट : ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये वीज खरंच वाचते का?

माजिवडा_२बीएचके

दोन बेडरूममध्ये दीड टनाचे इन्व्हर्टर स्प्लिट (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे) आहेत, हॉलमध्ये जुना, एकाच वेगाने चालणारा फिक्स्ड स्पीड एसी. एप्रिल-मेमध्ये बिल ५०० युनिटच्या वर जातं. अमेरिकेतून नातेवाईक येणार आहेत, त्यांना तिकडचा नेस्ट किंवा इकोबी स्मार्ट थर्मोस्टॅट आणायला सांगू का? ते चालणार नसेल तर इथे काय घ्यावं, कुठे लावावं आणि साधारण किती युनिट वाचतील? आकडे आणि पायऱ्या मिळाल्या तर फार उपयोग होईल.

फेज_न्यूट्रल

आणायला सांगू नका. तिकडचे थर्मोस्टॅट संपूर्ण घराच्या एका मध्यवर्ती यंत्रणेसाठी बनवलेले असतात. भिंतीतून २४ व्होल्टच्या बारीक कंट्रोल वायर येतात: एक सप्लायची, एक कॉमन, एक कूलिंगची, एक हीटिंगची, एक पंख्याची. थर्मोस्टॅट म्हणजे त्या वायरींमधला स्विच. आपल्या स्प्लिट एसीमध्ये ही टर्मिनल्सच नसतात. इनडोअर आणि आउटडोअर युनिट त्यांच्या स्वतःच्या सिग्नल वायरवर बोलतात आणि तापमान बघणारा सेन्सर इनडोअर युनिटच्या आत, हवा आत ओढली जाते तिथे असतो. बाहेरून थर्मोस्टॅट जोडायला जागाच नाही. जबरदस्तीने जोडायला गेलात तर २३० व्होल्टची लाइन २४ व्होल्टच्या वस्तूत जाईल.

डक्टेबल एसी (छतातल्या नळांतून सगळ्या खोल्यांना हवा देणारा) असलेल्या मोठ्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे भिंतीवर वायरवाला थर्मोस्टॅट असतो, पण तोसुद्धा २४ व्होल्टचा आहे की २३० चा, हे उघडून पाहिल्याशिवाय बदलू नये.

आपल्याकडे थर्मोस्टॅटचं काम करणाऱ्या तीन गोष्टी आहेत. एसीतच वायफाय असेल तर कंपनीचं ॲप. नसेल तर इन्फ्रारेड ब्लास्टर, म्हणजे वायफायवर चालणारा रिमोट, आणि त्याच्या जोडीला खोलीत ठेवायचा तापमान-आर्द्रता सेन्सर. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या घरात आधीच असते आणि कुणी वापरत नाही. बऱ्याच एसींच्या रिमोटवर ‘फॉलो मी’ किंवा ‘आय फील’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की एसी स्वतःच्या सेन्सरऐवजी रिमोटमधला सेन्सर मानतो. रिमोट उशाजवळ ठेवला की थर्मोस्टॅट उशाजवळ आला. रिमोट दर काही मिनिटांनी एसीला तापमान पाठवत असतो, त्यामुळे तो पांघरुणाखाली किंवा ड्रॉवरमध्ये गेला तर एसी परत स्वतःच्या सेन्सरवर जातो. सेलही थोडे लवकर संपतात. खर्च शून्य आहे, म्हणून सुरुवात इथूनच करा.

खारफुटी

वायरिंगबद्दल वर बरोबर लिहिलं आहे. आता बचतीबद्दल. परदेशी थर्मोस्टॅटच्या खोक्यावरचे आकडे इथे लावू नका. अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाचा सरासरी आकडा हीटिंग-कूलिंगच्या बिलावर सुमारे ८ टक्के आहे, पण तिथे अख्खं घर दिवस-रात्र एका तापमानाला ठेवलेलं असतं. आपण आधीच फक्त झोपायच्या खोलीत, फक्त रात्री एसी लावतो. म्हणजे तिथला थर्मोस्टॅट जी उधळपट्टी थांबवतो, ती इथे मुळातच कमी आहे.

आपल्याकडे बचत तीन ठिकाणी दडलेली असते. पहिलं म्हणजे सेट केलेलं तापमान गरजेपेक्षा कमी असणं. ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब असा की एक अंश वर नेलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हायला हवेत, असा नियमही त्यासाठीच आला. दुसरं म्हणजे पहाटे. तीन-चार वाजता भिंती निवलेल्या असतात, शरीराची उष्णताही उतरलेली असते, पण एसी रात्री दहाच्याच सेटिंगवर चाललेला असतो. तिसरं म्हणजे रिकाम्या खोलीत चालू राहिलेला एसी.

या तिन्हींवर ‘सेटिंग आपोआप बदलणं’ हाच उपाय आहे. थर्मोस्टॅटकडून तेवढंच काम घ्यायचं. तो एसीची कार्यक्षमता वाढवत नाही.

आणि कळीचा मुद्दा : इन्व्हर्टर एसीला बाहेरच्या थर्मोस्टॅटने चालू-बंद करू नका. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर हळू चालतो तेव्हा कॉइल तेवढीच मोठी असते आणि गॅसचा प्रवाह कमी असतो, त्यामुळे दर युनिट विजेमागे जास्त थंडावा मिळतो. ब्लास्टरने ‘२६ झालं, बंद, २७ झालं, चालू’ असं केलं की प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर जोरात धावायला लागतो आणि ज्या हळू चालण्यासाठी जादा पैसे मोजले तेच हातचं जातं. इन्व्हर्टरला फक्त सेटिंग सरकवायची : २५ वरून २६, २६ वरून २७. बाकीचं त्याला करू द्या.

माजिवडा_२बीएचके

नेस्टचा विषय संपला तर. मग ब्लास्टर. दोन बेडरूमना दोन लागतील ना? आणि विकत घेताना काय बघायचं?

फेज_न्यूट्रल

दोन लागतील, इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही. हजार ते दोन हजारांत चांगला ब्लास्टर मिळतो. बघायच्या गोष्टी : यादीत तुमच्या एसीच्या कंपनीचा कोड आहे का, सेन्सर वेगळा आहे की ब्लास्टरच्या पोटात, आणि इंटरनेट बंद असताना वेळापत्रक चालतं का.

बसवायची पद्धत लिहितो.

१. राउटर. जवळजवळ सगळे ब्लास्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फायबरवाल्यांचे नवे राउटर २.४ आणि ५ एकाच नावाने देतात आणि फोन ५ वर बसलेला असला की ब्लास्टरची जोडणी अर्ध्यात अडकते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा २.४ चं गेस्ट नेटवर्क उघडा. टॉवरमध्ये शेजाऱ्यांची वीस नेटवर्क दिसत असतात, म्हणून चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी सगळ्यात मोकळा निवडा.

२. जागा. एसीच्या पुढच्या पट्टीवरचा रिसीव्हर ब्लास्टरला थेट दिसला पाहिजे. समोरच्या भिंतीवर किंवा साइड टेबलवर, पाच-सहा मीटरच्या आत. पांढऱ्या छतावरून सिग्नल परततो, तरी त्यावर विसंबू नका. काचेच्या टीव्ही युनिटच्या आत ठेवू नका.

३. कोड. आधी ॲपच्या यादीतून कंपनी आणि मॉडेल निवडा. एकाच कंपनीचे चार-पाच कोड दिसतात. प्रत्येकावर चालू, बंद, तापमान, मोड, पंखा आणि पाती या सहाही गोष्टी तपासा. चालू-बंद झालं म्हणजे कोड बरोबर असं नाही. बऱ्याचदा पंख्याचा वेग किंवा ‘ड्राय’ (हवेतली ओल काढणारा) मोड चुकतो.

४. राउटरमधून ब्लास्टरला ठरावीक आयपी (नेटवर्कवरचा कायमचा पत्ता) द्या, म्हणजे राउटर पुन्हा चालू झाला तरी तो हरवणार नाही.

५. एसीचा बीप चालू ठेवा. आदेश पोचला की नाही ते कळायचं दुसरं साधन नाही.

घणसोली_सेक्टर

यादीत मॉडेल नसेल तर ‘लर्निंग’ करता येतं का? टीव्हीचा रिमोट असा शिकवता येतो.

फेज_न्यूट्रल

येतं, पण एसीचा रिमोट टीव्हीसारखा काम करत नाही. टीव्हीच्या रिमोटवर ‘आवाज वाढव’ एवढंच जातं. एसीचा रिमोट कुठलंही बटण दाबलं की संपूर्ण स्थिती पाठवतो : चालू, कूल, २६ अंश, पंखा ऑटो, पाती अमुक. त्यामुळे ‘तापमान वाढव’ हे बटण शिकवलं की प्रत्यक्षात ‘२६ अंश’ हा एकच निरोप साठवला जातो आणि ते बटण कितीही वेळा दाबलं तरी २६ च राहतं.

मग असं करा : रिमोटवर हवी ती स्थिती आधी लावून घ्या आणि एक-एक स्थिती वेगळं बटण म्हणून शिकवा. ‘२५ कूल ऑटो’, ‘२६ कूल ऑटो’, ‘२७ कूल ऑटो’, ‘२७ कूल, पंखा सर्वांत कमी’, ‘ड्राय’, ‘बंद’. ही सहा बटणं रात्रीच्या वेळापत्रकाला पुरतात. शिकवताना रिमोट ब्लास्टरपासून वीतभर अंतरावर धरा, बटण एकदाच आणि पटकन दाबा. दाबून धरलं तर निरोप दोनदा नोंदला जातो आणि पुढे एसी तो ओळखत नाही.

यातूनच दुसरी तक्रारही समजेल : घरातल्या कुणी मूळ रिमोट वापरला की ॲपला ते कळत नाही. ॲप म्हणतं बंद, एसी चालू. काही ब्लास्टर रिमोटचा सिग्नल ऐकून स्वतःची नोंद सुधारतात, पण रिमोट ब्लास्टरकडे न वळवता दाबला तर तेही हुकतं. म्हणून वेळापत्रकात ‘जर चालू असेल तर’ अशी अट ठेवू नका. बंद करायच्या वेळी बिनशर्त ‘बंद’ पाठवा. मात्र ज्या एसीच्या रिमोटवर चालू आणि बंदचा एकच कोड असतो, तिथे हे उलटतं : बंद असलेला एसी सुरू होईल. कोड तपासताना ‘बंद’ दोनदा पाठवून बघा, एसी बंदच राहिला पाहिजे.

येऊरवारा

सेन्सरच्या जागेवर कुणी लिहिलं नाही अजून. सगळी व्यवस्था त्यावर उभी आहे.

एसीचा स्वतःचा सेन्सर सात-आठ फुटांवर, छताजवळच्या गरम हवेत. पलंगाच्या पातळीला तापमान त्यापेक्षा एक-दोन अंश कमी असतं. म्हणून रिमोटवर २६ लावूनही पहाटे पांघरूण ओढावं लागतं. वेगळा सेन्सर पलंगाच्या उंचीवर, साधारण दोन-अडीच फुटांवर ठेवा. जिथे ठेवू नये त्या जागा : एसीच्या झोताखाली, सेट टॉप बॉक्स किंवा राउटरच्या शेजारी, पश्चिमेच्या भिंतीवर (संध्याकाळी ती आतूनही तापलेली असते), खिडकीच्या कट्ट्यावर, पडद्यामागे. ज्या ब्लास्टरच्या पोटातच सेन्सर असतो तो स्वतःच्या उष्णतेने एक-दीड अंश जास्त दाखवू शकतो. ॲपमध्ये दुरुस्तीचा आकडा असतो, तो घाला. दुरुस्ती काढायला ब्लास्टर आणि एक साधा डिजिटल तापमापक शेजारी-शेजारी ठेवा, एसी बंद, पंखा चालू, तासाभराने फरक बघा.

सेलवर चालणारे ब्लूटूथ सेन्सर स्वस्त आणि पुरेसे अचूक असतात, फक्त त्यांना वायफायशी जोडणारा गेटवे लागतो.

खारफुटी

रात्रीचं वेळापत्रक, इन्व्हर्टरसाठी, छताचा पंखा मध्यम वेगावर धरून :

झोपायच्या २० मिनिटं आधी २५ वर सुरू. झोपताना २६. रात्री साडेबाराला २७. तीनला २७ च, पण एसीचा पंखा सर्वांत कमी वेगावर. साडेपाचला बंद, छताचा पंखा चालू.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी रिमोटवरचा ‘स्लीप’ मोड लावावा. बहुतेक एसी त्यात तासाभराने एक अंश आणि नंतर आणखी एक अंश वर जातात. साडेपाचला बंद करायला रिमोटवरचा टायमर आहेच. ब्लास्टरचा फायदा एवढाच की रोज आठवणीने दाबावं लागत नाही आणि शनिवार-रविवारचं वेगळं ठेवता येतं.

छताचा पंखा यात अनिवार्य आहे. वाऱ्यामुळे २७ अंश अंगाला दोन-तीन अंश थंड वाटतात. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. तोच पंखा दहा तास चालणार असेल तर रात्रीला जवळजवळ अर्धा युनिट तिथेच सुटतो.

नेरूळ_खाडीकडे

ठाण्यापेक्षा आमच्याकडे, म्हणजे नेरूळ, सीवूड्स, बेलापूरच्या पट्ट्यात, तापमान दोन पावलं मागे आणि दमटपणा चार पावलं पुढे. फक्त तापमानावर चालणारं वेळापत्रक जूननंतर कोलमडतं. पावसाळ्यात खोली पटकन २६ होते, कॉम्प्रेसर मंदावतो, कॉइल कोमट होते आणि हवेतलं पाणी निघणं थांबतं. मग चिकचिक वाटते म्हणून माणूस २३ करतो. वीज वाढते आणि खोली थंडगार पण ओलसर होते.

आर्द्रतेवर नियम लावा. सेन्सर ६५ टक्क्यांच्या वर आणि तापमान २७ च्या खाली असेल तर ‘ड्राय’ मोड, ५५ च्या खाली आलं की परत ‘कूल २७’. दोन आकड्यांमध्ये दहाचं अंतर ठेवलंच पाहिजे, नाहीतर एसी दर पाच मिनिटांनी मोड बदलत बसतो. आणि एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवा. कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा जोरात चालू राहिला तर कॉइलवर साचलेलं पाणी परत खोलीत वाफ होऊन येतं.

याच पट्ट्यातला दुसरा मुद्दा, खारा वारा. आउटडोअरच्या कॉइलवर थर बसला की गरमी बाहेर टाकली जात नाही आणि मग कुठलाही थर्मोस्टॅट काय करणार? पावसाळा संपल्यावर साध्या पाण्याने, कमी दाबाने कॉइल धुऊन घ्या. प्रेशर पंप जवळून मारला की ॲल्युमिनियमच्या पात्या वाकतात आणि हवा अडते.

कोपरी_पूर्व

एक शंका. तासाभरासाठी बाहेर जायचं असेल तर एसी चालूच ठेवलेला बरा, असं एसीवालेच सांगतात. बंद करून परत चालू केला की जास्त वीज खातो म्हणे.

खारफुटी

पटणारं नाही. बाहेरून आत येणारी उष्णता ही आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ३४, आत २४ असेल तर फरक १०. एसी बंद केला की आतलं तापमान वर सरकतं, फरक कमी होतो आणि दर मिनिटाला कमी उष्णता आत येते. परत चालू केल्यावर जी काढायची ती एकूण उष्णता नेहमी कमीच असते.

सांगणाऱ्यांचं म्हणणं कुठून येतं तेही बघू. इन्व्हर्टर परत सुरू झाला की सुरुवातीला पूर्ण वेगाने धावतो आणि त्या वेगाला त्याची कार्यक्षमता कमी असते. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांसाठी बंद करण्यात काही हाती लागत नाही. अर्ध्या तासाच्या पुढे बंद केलेला बरा. फिक्स्ड स्पीडला तर हा प्रश्नच नाही, तो प्रत्येक वेळी एकाच वेगाने चालतो.

येऊरवारा

थोडा मतभेद. पावसाळ्यात तास-दीड तास बंद ठेवलेल्या खोलीत आर्द्रता परत चढते, गाद्या आणि कपडे ओल शोषतात, आणि ती ओल काढायलाही वीज लागते. तिथे अर्ध्या तासाची रेषा मी तासावर नेईन. बाकी महिन्यांसाठी वरचं मान्य.

खारफुटी

जुलै-ऑगस्टपुरतं मान्य, तासाची रेषा ठीक आहे.

ऐरोली_आयटी

जिओफेन्सिंगबद्दल, म्हणजे फोनच्या लोकेशनवरून एसी आपोआप चालू-बंद करण्याबद्दल. ऑफिस महापे-ऐरोलीला आणि घर घोडबंदर रोडला असेल तर ‘पाच किलोमीटरच्या आत आलं की एसी चालू’ हा नियम फसतो. माजिवडा नाका ओलांडून थोडं पुढे गेलात की वर्तुळात शिरलात, आणि तिथून कासारवडवलीला पोचायला कधी पंधरा मिनिटं, कधी तासभर. तेवढा वेळ रिकाम्या खोलीत एसी. वर्तुळ ५०० मीटर ते एक किलोमीटर ठेवा. खोली पंधरा-वीस मिनिटांत बसण्याजोगी होते, थोडं थांबावं लागलं तरी चालतं. उलट बाहेर पडल्यावर बंद करण्यासाठी जिओफेन्सिंग उत्तम, पण घरातल्या सगळ्यांचे फोन त्यात जोडा. नाहीतर आजी घरात आणि एसी बंद.

अँड्रॉइड फोनमध्ये त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ द्या. हे केलं नाही तर चार दिवस चालतं, मग गप्प होतं.

खोलीत माणूस आहे का ते बघणारे सेन्सर : साधा पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून ओळखणारा) हालचाल ओळखतो, झोपलेला माणूस त्याला दिसत नाही. बेडरूमसाठी मिलिमीटर वेव्ह रडारवाला घ्या, तो श्वासाची हालचालही पकडतो. त्याची अडचण म्हणजे छताचा पंखा आणि हलणारा पडदा यांनाही तो माणूस समजतो. पंख्याच्या पातळीच्या खाली, पलंगाकडे तोंड करून लावा आणि संवेदनशीलता पंखा चालू ठेवून जुळवा.

सगळ्यात कमी खर्चात जास्त उपयोग दाराच्या चुंबकी सेन्सरचा. बाल्कनीचं दार तीन मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं की एसी बंद. लहान मुलांच्या घरात हा एकच नियम पुरे.

फेज_न्यूट्रल

आता एक सक्त सूचना, कारण दुकानात हेच गळ्यात मारतात : एसीला १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावून थर्मोस्टॅट बनवू नका. इन्व्हर्टरची वीज मध्येच तोडली की कॉम्प्रेसर आणि पंखे धाडकन थांबतात, इलेक्ट्रॉनिक कार्डावर झटका बसतो. फिक्स्ड स्पीडचा चालू करंट सात-आठ अँपिअर असला तरी सुरू होतानाचा क्षणिक करंट त्याच्या कितीतरी पट असतो. प्लगमधल्या रिलेचे कॉन्टॅक्ट त्याने चिकटतात. मग ॲपवर ‘बंद’ दिसतं आणि एसी चालूच असतो. वीज तोडून लगेच जोडली तर गॅसचा दाब उतरलेला नसतो, कॉम्प्रेसर अडकतो. त्यासाठी किमान तीन मिनिटांची सवड लागते.

मोजमापासाठी प्लग लावायचाच असेल तर त्यातला चालू-बंद भाग ॲपमधून लॉक करा. त्यापेक्षा बरं, इलेक्ट्रिशियनकडून एसीच्या एमसीबीनंतर (त्याच्या सर्किटच्या स्विचनंतर) डीन रेलवर, म्हणजे डीबीतल्या पट्टीवर, बसणारा छोटा एनर्जी मीटर लावून घ्या. डीबीमध्ये (घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीत) एका मोड्यूलची जागा लागते.

माजिवडा_२बीएचके

तेवढा खर्च न करता मोजता येईल का? आधी किती जळतं तेच माहीत नाही.

येऊरवारा

मीटर बघा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी किती लुकलुकींना एक युनिट ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. ३२०० वाल्या मीटरला सूत्र सोपं : ११२५ ला एका लुकलुकीच्या सेकंदांनी भागा, वॉट मिळतात. दुसरा आकडा छापलेला असेल तर ३६,००,००० ला आधी त्याने भागा.

रात्री अकराला, एसी स्थिरावल्यावर, दहा लुकलुकींना १८ सेकंद लागले तर एका लुकलुकीला १.८, म्हणजे ६२५ वॉट. एसी बंद करून परत मोजा. दहा लुकलुकींना ७५ सेकंद लागले तर १५० वॉट, हा फ्रिज, पंखे, राउटरचा भार. एसीचे ४७५. फ्रिजचा कॉम्प्रेसर दोन्ही वेळा एकाच स्थितीत असला पाहिजे, नाहीतर हिशेब शे-दीडशे वॉटने चुकतो.

याहून खरा आकडा हवा तर झोपताना आणि उठल्यावर मीटरचं रीडिंग घ्या. एक रात्र जुनी सेटिंग, एक रात्र नवी, असं आलटून-पालटून दोन आठवडे करा. आधी सलग सात जुनी आणि मग सलग सात नवी असं करू नका. मेच्या शेवटी हवामान आठवड्यात पालटतं आणि बचत ढगांची की थर्मोस्टॅटची ते कळत नाही.

खारफुटी

त्या आकड्यांवरून पैशांचा हिशेब. इन्व्हर्टर रात्री आठ तासांत समजा ४.५ युनिट घेतो. सेटिंग दोन अंश वर, १२ टक्क्यांनी सुमारे अर्धा युनिट. सकाळी सातऐवजी साडेपाचला बंद, आणखी अर्धा ते पाऊण. रात्रीला एक ते सव्वा युनिट, महिन्याला एका खोलीमागे ३० ते ३७. दोन खोल्या, ६० ते ७५.

आता महावितरणचे टप्पे बघा : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, ५०० च्या वर. वाचलेला युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून वजा होतो. बिल ५६० युनिटचं असेल तर पहिले ६० वाचलेले युनिट सर्वांत महाग दराचे. म्हणून ‘बिल भागिले युनिट’ असा सरासरी दर लावला तर बचत कमी दिसते. बिलाच्या मागे तुमच्या वरच्या टप्प्याचा वीज आकार बघा, त्यात वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च) आणि इंधन समायोजन मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. हा खरा दर. स्थिर आकार त्यात धरू नका, तो कितीही वाचवलं तरी भरायचाच. कळवा, मुंब्रा, दिवा भागात बिल टोरंट या खाजगी कंपनीकडून येतं, पण हिशेबाची पद्धत हीच.

ब्लास्टर स्वतः सुमारे एक वॉट घेतो, वर्षाला नऊ युनिटच्या आत. तो वजा करा.

वसंतविहार_सी

आमच्यासारख्या टॉवरमध्ये आउटडोअर युनिट डक्टमध्ये (इमारतीच्या उभ्या मोकळ्या पोकळीत) एकावर एक असतात. त्याने फरक पडतो का?

नेरूळ_खाडीकडे

खूप. खालच्या मजल्याच्या युनिटची गरम हवा वर चढते आणि वरचं युनिट तीच ओढतं. बाहेर ३३ अंश असताना डक्टमध्ये चाळिशी गाठलेली असू शकते. त्यात कबुतरांसाठी लावलेली बारीक जाळी, तिच्यावर धूळ आणि पिसांचा थर, की हवा जवळजवळ बंद. हाताने तपासा : एसी पूर्ण जोरात असताना युनिटच्या पंख्यासमोर हात धरा, झोत दोन-तीन फुटांवर जोरात लागला पाहिजे. मंद आणि भाजणारा असेल तर जाळी आणि मागची कॉइल साफ करून घ्या. युनिटच्या मागे आणि भिंतीमध्ये घरटं असतं बऱ्याचदा, तिथे टॉर्च मारून बघा. जाळी लावायचीच असेल तर मोठ्या छिद्रांची, युनिटपासून फूटभर लांब.

आत फिल्टर दर दोन आठवड्यांनी नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. घोडबंदरला मेट्रोच्या आणि बांधकामांच्या धुळीने दहा दिवसांतच राखाडी होतो. आणि बेडरूमच्या दाराखालची फट, सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधली फट, दोन्हींना स्पंजची पट्टी किंवा ब्रश सील. हे झाल्यावर थर्मोस्टॅट.

घणसोली_सेक्टर

गीझरला चालेल का हेच सगळं? तो तर थर्मोस्टॅटवरच चालतो.

फेज_न्यूट्रल

गीझरला स्मार्ट स्विच जास्त शोभतो, कारण त्याचा भार निव्वळ हीटरचा, मोटर नाही. २ किलोवॉट म्हणजे सुमारे ९ अँपिअर, ३ किलोवॉट म्हणजे १३. तरी १६ अँपिअरचा स्विच ३ किलोवॉटवर रोज ताणू नका, २० अँपिअरवाला घ्या. स्विचबोर्डात न्यूट्रल वायर आहे का ते आधी बघा, जुन्या इमारतींत बऱ्याच बोर्डांत ती नसते. उपकरण बाथरूमच्या बाहेरच्या बोर्डातच बसवा आणि डीबीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय हे करू नका.

हिशेब : २५ लिटर पाणी २६ वरून ६० अंशांना न्यायला साधारण एक युनिट, २ किलोवॉटला अर्धा तास. एका माणसाच्या २० लिटर बादलीला ४० अंशांचं पाणी लागतं, त्याला फक्त एक तृतीयांश युनिट. उरलेलं गरम पाणी टाकीत निवत बसतं. म्हणून दोन माणसांनी पाठोपाठ आंघोळी कराव्यात आणि गीझर आंघोळीच्या अर्धा तास आधी चालू, शेवटच्या आंघोळीच्या आधीच बंद. थर्मोस्टॅटची खुंटी ५० च्या खाली कायमची ठेवू नका, कोमट पाण्यात जंतू वाढतात. आठवड्यातून एकदा ६० पर्यंत तापवा.

ऐरोली_आयटी

वीज जाऊन आली तर काय होतं तेही माहीत असू द्या. पावसाळ्यात हे होणारच. एसीत ‘ऑटो रिस्टार्ट’ असेल तर तो जुन्याच सेटिंगवर सुरू होतो, पण ब्लास्टरला ते कळत नाही. त्याच्या आधी राउटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ठरलेला आदेश असेल तर तो हुकतो. उपाय : राउटरला छोटा यूपीएस, आणि महत्त्वाचा आदेश दोनदा. बंद करायचं साडेपाचला असेल तर पाच-चाळीसलाही ‘बंद’ पाठवा. घरी होम असिस्टंट (घरातल्याच संगणकावर चालणारं स्मार्ट होमचं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांनी वेळापत्रक तिथेच ठेवावं, म्हणजे इंटरनेट गेलं तरी रात्र नीट जाते.

माजिवडा_२बीएचके

खूप आभार सगळ्यांचे. क्रम असा धरतो : डक्टमधली जाळी आणि फिल्टर, फटींना पट्टी, मग आलटून-पालटून रीडिंग, मग बेडरूमना ब्लास्टर. हॉलच्या फिक्स्ड स्पीडचं काय करू?

खारफुटी

क्रम बरोबर. हॉलच्या एसीला ब्लास्टरने चालू-बंद करून बाहेरच्या सेन्सरवर चालवता येतं, कारण तो तसाही पूर्ण वेगाने किंवा बंद असाच असतो. २६.५ ला चालू, २५.५ ला बंद, आणि एकदा बंद झाल्यावर किमान दहा मिनिटं परत चालू नाही, असा नियम लावा. रिमोटवरचं तापमान २३ ठेवा, नाहीतर एसीचा स्वतःचा सेन्सर मध्येच कॉम्प्रेसर थांबवेल आणि दोघांची रस्सीखेच होईल. पण हॉल दिवसाला दोन तासांहून जास्त वापरत असाल तर त्या ब्लास्टरचे पैसे नव्या इन्व्हर्टरसाठी बाजूला ठेवा. नव्या एसीच्या स्टार लेबलवरचे वर्षाचे युनिट १६०० तासांसाठी असतात, तुमच्या तासांच्या प्रमाणात ते कमी-जास्त करा आणि जुन्याचे मीटरच्या लुकलुकीवरून मोजलेले वॉट शेजारी लिहा. घ्यायचा की नाही ते त्या दोन आकड्यांवरून ठरेल.

फेज_न्यूट्रल

आणि नवा घेताना वायफाय आतच असलेला घ्या. त्याला स्वतःची स्थिती माहीत असते, रिमोट कुणीही दाबला तरी ॲपवर खरं तेच दिसतं. बसवणाऱ्याला आउटडोअर डक्टमध्ये ठेवायच्या आधी विचारा की हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार.